मुरुमच्या गाडीचा दुसरा गिअर

दिवाळी अंकाचे संपादक माझ्या गॅरेजात येऊन म्हणाले, "मिस्त्री, एवढी वर्षं गाड्या खोलल्या, काहीतरी लिहा की." मी म्हटलं, "माझं शिक्षण नववीपर्यंत." ते म्हणाले, "बोलता तसं लिहा." मी कामावर बोलतो तसं लिहिलं तर अंक घरात ठेवायची पंचाईत होईल, म्हणून जरा जपून लिहितोय.

माझं गॅरेज उमरग्यात, हायवेला लागून. समोरून सोलापूर-हैदराबादचे ट्रक दिवसभर जातात, पण त्यांचा माझा संबंध चहाच्या टपरीपुरता. मी मोटारसायकलचा माणूस, त्यातही गिअरबॉक्सचा. ऑइल बदलणं, ब्रेक आवळणं, प्लग साफ करणं कुणीही करतं. इंजिनाचं पोट उघडून गिअर काढायची वेळ आली की दुसरे मेकॅनिक गाडी ढकलत माझ्याकडं आणतात. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी टेबलाशी स्टूल ओढून एवढं एक काम मी करतोच.

शटरच्या मागं पत्र्याचा एक जुना तेलाचा डबा आहे. तुटलेला गिअर मी भंगारात घालत नाही, त्या डब्यात टाकतो. प्रत्येकाला बारीक तार गुंडाळायची, तारेला पत्र्याची चकती, चकतीवर खिळ्यानं गावाचं नाव. बलसूर, येणेगूर, तुरोरी, ढोकी. बायको म्हणते, लोक देवघरात टाक ठेवतात, तुम्ही गिअर ठेवा. ठेवण्यामागं कारण साधं आहे. गिऱ्हाईक भांडायला आलं की त्याचाच गिअर त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, बघ तू काय केलंस ते. बहुतेक जण मुकाट घरी जातात. या डब्यानं एकदा माझंही तोंड बंद केलं, ते सांगायला बसलोय. पण त्याआधी गिअरबॉक्समध्ये काय चालतं ते सांगायला हवं, नाहीतर माझी चूक तुमच्या ध्यानात येणार नाही.

ओलं धोतर पिळताना मनगटात जो जोर लागतो, तसला जोर इंजिन देतं. त्याला टॉर्क म्हणतात. एका बाजूनं इंजिन पिळतं, दुसऱ्या बाजूनं गाडीचं वजन अडवून धरतं, आणि दोघांच्या मधे सापडतात ते गिअर. गाडी हलकी असली तर ती पटकन पुढं सरकते आणि जोर मोकळा होतो. गाडी जड असली तर ती जागची हलायला वेळ घेते, आणि तेवढा वेळ सगळा जोर गिअरवर बसून राहतो. गिअरचे दात तुम्हाला माहीत असतील. पण गिअरच्या अंगाला तीन-चार जाड खुंट्या पण असतात. त्या शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरतात आणि दोघं एकत्र फिरतात. या खुंट्यांचे कोपरे मार खाऊन गोल झाले की चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटतो. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "मिस्त्री, फॉल्स पडतोय."

कंपनीनं गिअर करताना इंजिनाची ताकद धरलेली असते, आणि गाडीवर किती माणसं बसणार तेही धरलेलं असतं. आपल्याकडं धरलेली माणसं दोन असतात आणि बसलेली चार, वर गव्हाचं पोतं.

बलसूरकडचे एक दूधवाले होते, माणिकराव. गाडीला दोन्ही बाजूंनी मिळून चार कॅन, भरले की तीन माणसांचं वजन, शिवाय स्वतः माणिकराव, तेही काही किरकोळ नव्हते. त्यांच्या इंजिनाचं काम मी दोनदा केलं. पण गिअर दोन्ही वेळा नव्यासारखे. मला राहवेना. म्हटलं, "माणिकराव, जरा गाडी चालवून दाखवा." पाळण्यातलं पोर उठू नये म्हणून दार लोटावं, तसा त्यांनी क्लच सोडला. मी विचारलं, हे कुणी शिकवलं. म्हणाले, "कुनी कशाला शिकवतंय? दूध हिंदकळलं की वर लोनी येतंय. मग गिऱ्हाईक म्हनतंय, पानी घातलं."

दुसरे एक गुरुजी. त्यांनी कुठंतरी स्वतःच ठरवलं होतं की गिअर बदलला की झिजतो, म्हणून बदलायचाच नाही. गाडी हलली की थेट चौथा. मागं बाई, बाईंच्या मांडीवर गॅसची टाकी, समोर चढ, आणि गुरुजी चौथ्यात. इंजिन खाली दबून ठाक-ठाक करायचं, चेन हिसडे खायची, पण गुरुजी काही खाली यायचे नाहीत. दोन वर्षांत चौथ्या गिअरचे दात उडाले. पहिला, दुसरा, तिसरा कोरे करकरीत. मी त्यांना समोर मांडून दाखवले. ते चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे जो वापरला नाही तो चांगला राहिला. मी तरी दुसरं काय म्हणत होतो?" त्या दिवसापासून मी शिकलेल्या माणसाशी वाद घालायचं बंद केलं.

या दोघांवरून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की वजनानं गिअर मरत नाही, चालवणाऱ्याच्या हातानं मरतो. चारचौघांत मी ते छाती पुढं काढून सांगायचो. लोक माना डोलवायचे, आणि मला ते आवडायचं.

आता मुरुमची गाडी.

मुरुमला शिवलिंगअप्पा म्हणून एकांचा फिल्टर पाण्याचा प्लँट आहे. थंड पाण्याचे जार भरून दुकानांत, दवाखान्यांत, लग्नाच्या मांडवांत पोचवायचे. त्यांना मालाची तीनचाकी हवी होती, पण नवी नको, मोटारसायकलची करून हवी होती. पुढून मोटारसायकल, मागं दोन चाकं आणि त्यावर फळ्यांचा हौदा. असल्या गाड्या कायद्यात बसत नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि गावोगाव चालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी अशा पुष्कळ केल्या. लोखंडाचं काम शेजारचे लेथवाले रज्जाकभाई करायचे, इंजिन-गिअरचं मी.

गाडी न्यायला अप्पांबरोबर त्यांची बायको आली, महादेवी. तिशी-पस्तिशीची, बारीक अंगाची, कपाळावर विभूती. मी अप्पांना विचारलं, "चालवणार कोण?" अप्पांनी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "मी. हे प्लँटवर बसतेत. मशीन सोडून जाता येत न्हाय." मी हसलो नाही, पण रज्जाकभाईंकडं बघितलं ते तिनं बघितलं. पुढच्या मोकळ्या जागेत तिला गाडी शिकवली. दुपारच्या जेवणाआधी ती आठाचा आकडा काढत होती. घरात ते कानडी बोलायचे, त्यामुळं गाडीवर बसून ती स्वतःशीच कानडीत काहीतरी पुटपुटायची. पण हात साफ होता. तेव्हा मीच तसं म्हटलं होतं, ते पुढं विसरलो.

हौद्यात जार वीस, एका जारात वीस लिटर. पाण्याच्या वजनाला काटा लागत नाही, लिटरला किलो. चारशे किलो नुसतं पाणी, लोखंड वेगळं, बाई वेगळी. शंभर सीसीचं इंजिन एवढं ओढणार नाही म्हणून दीडशेचं बसवलं. मागच्या चेनचं दातेरी चक्र, ज्याला आमच्याकडं साकेट म्हणतात, तेही मोठं घातलं. साकेट मोठं असलं की गाडी हळू पळते, पण इंजिनाला आणि गिअरला ओझं हलकं होतं. इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं.

मोटारसायकलच्या मागच्या चाकात, साकेट आणि चाकाच्या मधे, रबराचे चार तुकडे असतात. ड्रम रबर म्हणतात. दिसायला फालतू, म्हणून कुणी लक्ष देत नाही. इंजिनानं झटका दिला की आधी ते रबर दबतं, मग चाक फिरतं. चाकाला खड्ड्याचा दणका बसला तरी आधी ते दबतं, मग गिअरपर्यंत जे जायचं ते जातं. बैलाच्या मानेवर जू ठेवताना खाली चिंधी घालतात, त्यातलाच प्रकार. मी महादेवीच्या गाडीला मोटारसायकलचे तेच रबर ठेवले होते. चारशे किलोखाली त्यांचा दोन-तीन आठवड्यांत भुगा झाला. साकेट डुगडुगायला लागलं, ती गाडी घेऊन आली. बदलले. पुन्हा भुगा. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी वैतागलो आणि रज्जाकभाईंना म्हटलं, "रबर काढून टाका. त्या जागी लोखंडाचे ठोकळे वेल्डिंग करा. जन्मभर बघायला नको."

रज्जाकभाई मास्क वर करून म्हणाले, "मिस्त्री, रबर निकालू नका. लोखंडाला लोखंड लागलं की दुसरं कायतरी तुटतंय." मी म्हटलं, "तुम्ही लेथ बघा, गिअरचं मी बघतो." त्यांनी ठोकळे लावले. मी माझ्यावर खूश होतो.

आठ दिवसांनी महादेवी मुद्दाम गॅरेजाशी थांबली. म्हणाली, "मिस्त्री, गाडी पयल्यासारखी मऊ न्हाय. गिअर टाकला की पाठीत बसतंय."

मी म्हटलं, "ताकद आली ताई गाडीला, म्हणून."

ती गाडीला किक मारून निघून गेली.

दोन महिन्यांत दुसरा गिअर सुटायला लागला. खोलला, खुंट्यांचे कोपरे गोल. नवा घातला. जुन्याला तार, चकती, मुरुम. पुन्हा तेच, पुन्हा नवा. तिसऱ्या वेळी ओढ्याच्या पुलावरच्या चढाला दात तुटून आत अडकला. चाकं एकदम जाम होऊन पुन्हा सुटली, चार जार खाली पडून फुटले. महादेवीनं उडी मारून दगड लावला म्हणून गाडी मागं घसरली नाही. तिला लागलं नाही. अप्पा टेम्पोत गाडी घालून आले, बरोबर ती. अप्पा चिडलेले होते, आणि खरं तर माझ्यावर चिडले होते. गिअर मी घातलेला. आजूबाजूला पाच-सहा गिऱ्हाइकं उभी. माझं नाव पणाला लागलं होतं. मी इंजिन खोलून तुटका गिअर अप्पांच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "गिअरचा दोष न्हाय, हाताचा हाय. क्लच आपटला की असं होतंय. वजनाची गाडी हाय, बाईमाणसाचं काम न्हाय हे."

महादेवीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "इरली." कानडीत त्याचा अर्थ, राहू द्या. ती जाऊन टेम्पोत बसली.

त्यानंतर ती गाडीवर दिसली नाही. अप्पांनी धाकट्या भावाला, नागनाथला, गाडीवर घातलं आणि तिला प्लँटवर जार धुवायला. मुरुमचं कुणी आलं की सांगायचं, "तुम्ही म्हटल्यापासनं अप्पानं बायकोला गाडीला हात लावू दिला न्हाय." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं म्हणणं मानलं, एवढंच वाटलं.

वर्ष होत आलं असेल. मधे अप्पांनी रागानं सोलापुरात दोनदा गिअर बदलून घेतला होता, आता नागनाथ गाडी घेऊन माझ्याकडं आला. दुसरा गिअर सुटत होता. मी तोंडातला जर्दा थुंकून म्हणणारच होतो की तू तरणा, तू रेस पिळतोस. तेवढ्यात तो कमरेला हात लावून म्हणाला, "मिस्त्री, ही गाडी लई वंगाळ हाय. गिअर टाकला की पाठीत बसतंय."

मी स्टुलावरून उठलो आणि सरळ मागच्या चाकाकडं गेलो. हातात पाना घेतला, साकेट खोलायला बसलो. दोन नट काढल्यावर हात थांबला. हेच शब्द मी आधी ऐकले होते. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. तेव्हा मी जागचा उठलो नव्हतो. तेव्हा बाईनं सांगितलं होतं, आता बाप्यानं सांगितलं, एवढाच फरक. हे लिहितानाही लाज वाटते, पण तसंच झालं.

ठोकळ्यांना दोन्ही अंगांनी घासून चकाकी आली होती. मी नागनाथला चहाला पाठवलं, इंजिन खोलून गिअर काढला आणि डबा टेबलावर पालथा केला. त्यातून मुरुमच्या चकतीचे तीन गिअर काढले, नागनाथचा चौथा शेजारी ठेवला आणि उन्हाला धरून बघितले.

क्लच आपटणाऱ्याचा गिअर कसा दिसतो, हे मी झोपेत सांगेन. खुंटीला मार एकाच अंगाला असतो, इंजिन ज्या अंगानं ढकलतं त्या अंगाला. दुसरी बाजू शाबूत असते. या चारही गिअरच्या खुंट्या दोन्ही अंगांनी ठेचलेल्या होत्या. म्हणजे इंजिन पुढून मारत होतं आणि चारशे किलोची गाडी प्रत्येक खड्ड्याला मागून मारत होती, आणि मधे दबायला काही नव्हतंच. दबणारं होतं ते मी काढून टाकलं होतं. दीडशेची ताकद, दुप्पट वजन, आणि लोखंडाला लोखंड. माणिकराव स्वतः चालवायला बसले असते तरी तो गिअर टिकला नसता.

हे सगळं पहिल्याच गिअरवर दिसत होतं. मी त्याला तार गुंडाळली, चकतीवर नाव घातलं आणि डब्यात टाकला. उलटून बघितला नाही. कारण कोण चालवतंय हे मला आधीच ठाऊक होतं.

मी गिअर घेऊन रज्जाकभाईंकडं गेलो. ते बघून म्हणाले, "मैं तब्बीच बोल्या था ना मिस्त्री." आणि लेथ बंद करून कामाला लागले. ट्रकचं जाड रबर आणून त्याचे आठ तुकडे कापले, त्यांना बसेल असा मोठा ड्रम केला. जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. रबराचा भुगा होतोय तर मोठं रबर घालावं, एवढी साधी गोष्ट, पण मला रबरच काढून टाकायची बुद्धी झाली.

गाडी तयार झाली, आणि मी दोन दिवस ती तशीच उभी ठेवली. नागनाथला नुसती देऊन टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. गिअर पुन्हा तुटला नसता, नागनाथचा हात चांगला असं गावानं म्हटलं असतं, आणि माझं नाव आहे तसं राहिलं असतं. बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पाच माणसांत बोललात ना? मग पाच माणसांतच जाऊन सांगा." मी तिसऱ्या दिवशी गाडी चालवत मुरुमला गेलो.

प्लँटवर अप्पा होते, नागनाथ होता, जार न्यायला आलेले चार-पाच दुकानदार होते. महादेवी मागं नळाखाली जार धूत होती. मी चारही गिअर अप्पांच्या टेबलावर मांडले आणि जसं तुम्हाला सांगितलं तसं सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "चूक माझी हाय. ताईच्या हाताची कधीच नव्हती. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. तेव्हा मला ते खरं वाटत होतं, पर ते खोटं होतं."

अप्पांनी एक गिअर उचलून इकडून तिकडून बघितला, त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे. म्हणाले, "राहू द्या मिस्त्री. झालं ते झालं. आता नागनाथला सवय झालीय."

नागनाथ म्हणाला, "मला न्हाय झाली सवय. माझी कंबर गेली. वहिनीला द्या गाडी."

मागं नळ बंद झाल्याचा आवाज आला. महादेवी पदराला हात पुसत पुढं आली. वर्षभर पाण्यात राहून बोटांची कातडी पांढरी पडली होती. तिनं गिअरकडं बघितलंही नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "मी सांगितलं होतं तुमाला."

"व्हय. सांगितलं होतं."

"पाठीत बसतंय म्हनून सांगितलं होतं."

"व्हय ताई."

गिअर मी नवा आणून घालू शकतो. तिचं वर्ष कुठून आणून देणार होतो? ते तिलाही ठाऊक होतं. तिनं अप्पांकडं बघून कानडीत काहीतरी म्हटलं, फार मोठं नाही, तीन-चार शब्द. अप्पांनी हातातला गिअर टेबलावर ठेवला. नागनाथनं उठून जार हौद्यात भरायला सुरुवात केली. वीस भरले. महादेवीनं हात पुढं केला, मी किल्ली दिली.

"बसा मागं," ती म्हणाली. "पुलापर्यंत जाऊन येऊ. तुमाला बी कळू दे."

मी हौद्यात जारांच्या मधे बसलो. बाजारातून गाडी निघाली तेव्हा लोक बघत होते. बाई गाडीवर आणि उमरग्याचा मिस्त्री मागं जारांत, हे त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं. माझा कान खाली गिअरबॉक्सकडं. पहिल्यातून दुसरा पडला तो मला ऐकू आलाच नाही, नुसता इंजिनाचा सूर बदलला. वर्षभर गाडीला हात न लावलेलं माणूस चालवतंय, असं कुणाला वाटलं नसतं.

ओढ्याचा पूल आला. तोच चढ. जारांतलं पाणी माझ्या अंगावर रेललं. पुढं एक म्हैस आडवी आली, महादेवीनं गाडी चढावरच थांबवली. आता चारशे किलो घेऊन चढावर पुन्हा गाडी उचलायची होती. माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "ताई, क्लच हळू सोडा."

तिनं मान वळवली नाही.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तुमी जार धरा."

मी जार धरले.